निर्मलाची भिंत

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता शाळेने निर्मलाच्या भिंतीवर चुना फासला.

ती जाऊन तेव्हा दोन दिवसही झाले नव्हते.

कारण ऐका. तिच्याच शोकसभेचा फ्लेक्स तिथे लावायचा होता.

"मॅडम, मागं लिहिलेलं राह्यलं तर बाईंचा फोटो उठून दिसत नाही न जी." हे शाळा समितीचे अध्यक्ष.

निर्मला आणि मी आमगावजवळच्या याच शाळेतून रिटायर झालो. मी घरी बसले. ती दर शनिवारी जायची. व्हरांड्याच्या भिंतीवर लांबलचक इंग्रजी शब्द तोडून लिहायची. तुकडे गेरूने, जोर द्यायचा तो तुकडा निळीने.

इ-रि-गे-शन.

पोरं एकेका तुकड्याला टाळी द्यायची. 'गे' आला की धपकन पाय आपटायची.

एखादी मुलगी अडली की निर्मला म्हणायची, "अख्खी काकडी तोंडात काऊन कोंबून राहिली वो? तोडून खा."

मी कॉन्व्हेंटची. आम्हाला शब्द पाठ करायला लावत, चुकलं की पट्टी. तोडायला कोणी शिकवलं नाही.

गेल्या महिन्यात गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टर आणि तिचा मुलगा तिच्या उशाशी उभे राहून भराभर इंग्रजीत बोलत होते. तिला कळू नये म्हणून.

ते बाहेर गेले. निर्मला पलंगाच्या दांडीवर बोट वाजवू लागली.

"इन-ऑप-रे-बल. जोर 'ऑप'वर."

तिने दांडीवर पुन्हा एकदा बोट वाजवलं.

"समोरचं 'इन' म्हणजे नाही. मागचं 'एबल' म्हणजे होण्यासारखं. मधात काय राहिलं, तू सांग."

मी उगीच उठून पंखा वाढवला.

"राहू दे. पोराले नोको सांगू, मले समजलं म्हणून. रडन तो."

नाही सांगितलं. आज या जाहीर पत्रात वाचेल.

शोकसभेत भाषणं झाली. 'थोर शिक्षिका' वगैरे. मुलं मात्र फ्लेक्सची कड उचलून बघत होती, मागे काही उरलंय का. त्यांना दटावून खाली बसवलं.

अध्यक्ष महोदय, तोंडी विचारलं की तुम्ही चहा मागवता. म्हणून सगळ्यांसमोर विचारते.

ती भिंत मुलांना परत कधी देता? शब्द मला आठवतात तेवढे मी लिहीन. गेरू, नीळ माझी. तुम्ही फक्त फ्लेक्स काढा.

शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी उत्तर पाहिजे.

निर्मलाला श्रद्धांजली मी त्यानंतर वाहीन.