थोरल्याच्या शिव्या

काचेच्या दुकानात दोन भाऊ होते. थोरला पुढे काउंटरवर बसायचा, धाकटा मागच्या खोलीत काच कापायचा. थोरल्याच्या जिभेवर साखर होती. तक्रार घेऊन आलेलं गिऱ्हाईक त्याच्याशी बोलून हसत बाहेर पडायचं. धाकट्याशी बोलायची पाळी गिऱ्हाइकावर येऊ नये अशी व्यवस्था ठेवलेली होती, कारण तो कधी तडकेल याचा नेम नसायचा. बाजारात त्याला 'तडक्या' म्हणत. काचेच्या धंद्यात याहून वाईट नाव सापडणार नाही, पण चिकटलं ते चिकटलं.

दोघंही आमच्याच चर्चच्या मंडळीतले. रविवारी थोरला पुढे उभा राहून शास्त्रपाठ वाचायचा, स्वच्छ आणि संथ. तडक्या शेवटच्या बाकावर. गाताना मात्र त्याचा आवाज छपराला लागायचा. बायको कोपर मारून म्हणायची, "अहो, देवाला ऐकू येतं. ओरडता कशाला?"

एकदा केशकर्तनालयाच्या मालकानं मोठा आरसा परत आणला. बोटभर कमी भरतो म्हणाला. तडक्या मागून आला, आरसा त्याच्या हातातून घेतला आणि सगळ्यांदेखत जमिनीवर आपटला. थोरला ओरडला नाही. शांतपणे म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस." पुढं मंडळीच्या बैठकीत धाकट्याचा विषय निघाला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "त्याचा विश्वास गाण्यापुरता आहे."

हे वाक्य फिरत फिरत तडक्याच्या कानावर आलं. दुकान सुटलं त्यापेक्षा ते त्याला जास्त झोंबलं. त्यानं घरामागच्या शेडमध्ये आपलं वेगळं काम सुरू केलं आणि भावाशी बोलणं टाकलं. चर्चच्या दारात समोरासमोर आले तरी दोघं बाजूच्या भिंतीकडे बघून जायचे.

नंतर एका संध्याकाळी तो शेडमधलं काम लवकर आटपून घरात आला. आत त्याची लेक आईला काहीतरी सांगत खिदळत होती. त्यानं दारात चपला काढल्या, आणि खिदळणं तिथंच थांबलं. आत गेला तर पोरगी पुस्तक उघडून बसलेली. पुस्तक उलटं होतं.

तो तसाच पाळकसाहेबांकडे गेला. म्हणाला, "दादा बोलला ते खोटं नाही. माझ्या चपला वाजल्या की माझी पोर गप्प होते. मी काय गातो मग?"

पाळकसाहेबांनी उपदेश केला नाही. "हे मला सांगितलंत तसं तिला सांगा," म्हणाले.

त्यानं सांगितलं. लेकीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आता ओरडणार नाही?" तो म्हणाला, "ओरडेन. पण प्रार्थना करतोय."

माणूस एका दिवसात बदलला असं कुणी सांगितलं तर आमच्या मंडळीत कुणाचा विश्वास बसणार नाही. तडक्याला वर्षं लागली. राग आला की तो हातातलं काम ठेवून मागच्या नळाखाली डोकं धरायचा आणि तिथंच पुटपुटत राहायचा. शेजारीण त्याच्या बायकोला विचारायची, "आज पुन्हा आंघोळ?" बायको म्हणायची, "चालू द्या. भांडी फुटत नाहीत हल्ली."

अशातच थोरल्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मुलगा दूर परदेशात नोकरीला. वहिनींनी दार लावून घेतलं आणि भेटायला येणाऱ्यांना बाहेरूनच वाटेला लावायला लागल्या. का, ते कुणाला कळेना.

तडक्या गेला. वहिनी दार अडवून म्हणाल्या, "भावजी, आत येऊ नका. ऐकवणार नाही तुम्हाला."

तो आत गेला. थोरल्यानं त्याच्याकडे बघितलं, तोंड वाकडं करत जोर लावला, आणि बोलला, "हरामखोर!" पाठोपाठ आणखी दोन शब्द, लिहिण्यासारखे नसलेले.

जन्मात कुणाला 'अरे' न म्हटलेल्या माणसाच्या तोंडून हे आलं. तडक्याचे कान लाल झाले. तो न्हाणीघरात गेला आणि ओल्या डोक्यानं बाहेर आला. वहिनींना विचारलं, "आंघोळ घातलीय का त्याला?"

वहिनी रडायला लागल्या. त्यांच्यानं नवरा उचलवत नव्हता.

डॉक्टरांनी नंतर समजावलं की मेंदूतली बोलण्याची जागा गेली तरी कधीकधी शिव्या तेवढ्या उरतात, त्यात त्यांचा दोष नाही. पाणी हवं असलं तरी शिवी, पाठ दुखली तरी शिवी. तडक्या रोज सकाळी कामाआधी यायचा, भावाला उचलून आंघोळ घालायचा, दाढी करायचा. थोरला गालाला साबण लागलेला असताना शिव्या घालायचा आणि तडक्या म्हणायचा, "दादा, हनुवटी राहिली. ती झाली की पुढचं बोल."

मंडळीत बातमी पसरायची ती पसरलीच. उपासनेनंतर पायऱ्यांवर मंडळीचे एक पंच म्हणाले, "बघा. इतकी वर्षं गोड वाचन केलं. पोटात होतं ते शेवटी बाहेर आलं." आणि तडक्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "खरा विश्वास कुणाचा, ते देवानं दाखवलं."

ज्या भावानं त्याला खोटं ठरवलं होतं त्याच्यावर अशी वेळ आली होती, आणि चारचौघांत कौल तडक्याच्या बाजूनं लागला होता. त्याचे कान लाल झालेले बघून बायको घाईनं आजूबाजूला नळ शोधू लागली.

"साहेब," तडक्या म्हणाला, "ते पोटातलं नाही, आजारातलं आहे. दादा माझ्याबद्दल बोलला होता ते खरं होतं, म्हणून तर मी सुधारायला लागलो. उद्या सकाळी या, त्याला उचलताना पाय धरायला माणूस लागतो."

पंच आले. शिव्या खाऊन गेले. पण दर शनिवारी येत राहिले.

सगळंच काही असं सुरळीत गेलं नाही. एका सकाळी थोरल्यानं तोंडातली पेज तडक्याच्या अंगावर थुंकली आणि शिव्यांचा पट्टा लावला. तडक्यानं वाटी भिंतीवर फेकली. "मर मग!" असा ओरडला की गल्लीतली माणसं दारात आली. पेज भिंतीवरून ओघळत होती. वहिनी स्वयंपाकघरातून बघत होत्या. हा आता जाणार आणि पुन्हा येणार नाही, असं त्यांनी धरलंच होतं.

तो गेला नाही. खाटेपाशी खाली बसला, भावाचा चांगला हात हातात घेतला आणि म्हणाला, "दादा, चुकलो. मला माफ कर." मग फडकं आणून भिंत पुसली.

वहिनी त्याला चहा देताना म्हणाल्या, "भावजी, तुमची गाणी मी कायम ऐकली. खरी वाटली नाहीत कधी. आज वाटली."

"आज तर मी ओरडलो, वहिनी."

"ओरडणारे खूप बघितले मी. भिंत पुसणारा नाही बघितला."

चहा गार झाला होता, तडक्या तो तसाच प्यायला.

पुढं तो भावाला चाकाच्या खुर्चीतून उपासनेला आणू लागला. प्रार्थनेच्या मधेच थोरल्याच्या तोंडून काहीतरी निघायचं, आणि ते पुरतं ऐकू यायच्या आत तडक्या खणखणीत "आमेन!" म्हणायचा. आमच्यातले काही जण त्याला साथ द्यायचे. त्या काळात आमच्या प्रार्थनांना मधेच फार आमेन पडले. पाळकसाहेबांनी कधी हरकत घेतली नाही.

थोरला एका सकाळी गेला. तडक्या जवळ होता. मुलगा परदेशातून आला तोवर दफन उरकलं होतं. अंगणात काकाशेजारी बसून त्यानं विचारलं, "काका, बाबा शेवटी काय म्हणाले?"

तडक्याला चांगलं वाक्य सांगता आलं असतं, मुलानं ते जन्मभर जपलं असतं.

"शिवी दिली," तो म्हणाला. "मी पाणी पाजत होतो. फार गार होतं."

मुलगा हसला, आणि हसता हसता रडायला लागला. तडक्यानं त्याला रडू दिलं.

"पण माझा हात धरून होता," मग त्यानं सांगितलं. "तो सोडला नाही."