गुजराती पोपटी, व्हिएतनामी हिरवी

आमच्या मामीला कारखान्यात सगळे 'डिंकमावशी' म्हणत. शाळांसाठी पृथ्वीगोल बनवायचा तो कारखाना. मामी गोळ्यावर छापील कागदाच्या पाकळ्या चिकटवायची आणि मी पॅकिंगला होते. मामीला हवा होता रंगाऱ्याचा ब्रश, पण मालक तिला रंगाच्या टेबलाजवळ फिरकू देत नव्हते. तिथेच घोडं पेंड खात होतं.

रंगारी नोकरी सोडून गेला आणि तिचं नशीब फळफळलं! एका शाळेला भाषांचा पृथ्वीगोल हवा होता. मालक म्हणाले, "नमुन्याला व्हिएतनामी आणि गुजराती, दोनच दाखवा. शाळेच्या बाईंना आवडला तर ब्रश तुमचा. नाहीतर डिंकाची वाटी आहेच."

मामीने व्हिएतनामची लांबट पट्टी हिरवी केली. त्याच हिरव्यात थोडा पिवळा ढकलून गुजरात पोपटी केला. "मध्ये केवढा मुलूख पडलाय, कोण कुणात मिसळतंय?" काटकसर तिच्या हाडीमासी खिळलेली.

मग परदेशात गेलेल्यांचे ठिपके. मी पुस्तकात बघून गावं सांगत होते. नैरोबी, लेस्टर: गुजराती. पॅरिस, प्राग: व्हिएतनामी.

"प्राग? तिथे कसे गं पोचले?" मामी आनंदाने ओरडली. चहासुद्धा नको म्हणाली.

मग आलं ह्यूस्टन. दोन्ही भाषा. टोरांटो, दोन्ही. सिडनी, पुन्हा दोन्ही! हिरव्याला खेटून पोपटी ठिपका, आणि जरा लांबून बघावं तर नुसता हिरवा पाला, कुठला कुणाचा कळेना.

"मामी, झालं तुझं कल्याण," मी म्हटलं.

ती टाळ्या पिटत उठली. "अगं, घरं एवढी लांब आणि भाड्याच्या खोल्या एकाच गल्लीत!"

बाई तासाभरात येणार होत्या. मालकांनी कपाळावर हात मारला. "ठिपके पुसा आणि मोकळ्या व्हा. मायदेश दिसले की झालं, कोण विचारतंय?"

खरंच कुणी विचारलं नसतं. मलाही वाटलं, पुस बाई एकदाचे. मामीने ओला बोळा उचलला आणि थेट गुजरातवरून फिरवला!

"शेजारी शेजारी राहतात तेच दिसलं नाही, तर गोल कशाला?" म्हणाली आणि लाल रंग कालवायला बसली.

बाई आल्या तेव्हा गुजरात आणि सिडनीचा गुजराती ठिपका तेवढे लाल झाले होते, अमेरिका तशीच हिरवीगार. मालक सारवासारव करू लागले. मामी सरळ म्हणाली, "अर्धवट आहे. चूक माझी. एवढ्या लांबची माणसं कधी भेटणारच नाहीत, असं धरून चालले होते मी."

बाईंनी गोल फिरवला, सिडनीवर बोट टेकलं. ओला लाल रंग बोटाला लागला. त्या बोटाकडे बघत राहिल्या.

"माझ्या वर्गात अशाच दोघी आहेत. एक गुजराती, एक व्हिएतनामी. एका बाकावर बसतात," त्या म्हणाल्या. "त्यांना हेच दाखवायचंय मला. कधी पुरा कराल?"

ब्रश छातीशी धरून मामी रडत होती. आणि मी, एवढी घोडी झालेली बाई, सगळ्यांच्या देखत जोरात शिट्टी मारली.