आईच्या मिस्सेत दोन शब्द कोण बोलणार?

मंडळी, काल माझी आई गेली. उद्या चिखलीच्या चर्चमध्ये तिच्या अंत्यविधीची मिस्सा आहे. ती ठरवायला आज सकाळी फादर घरी आले. बायबलमधली वाचनं ठरली, गीतं ठरली. पण "शेवटी तिच्याबद्दल दोन शब्द कोण बोलणार?" असं त्यांनी विचारलं आणि आम्ही भावंडं रडायलाच लागलो.

शेजारच्या जुबेदामावशी, आईची मैत्रीण, हळूच म्हणाल्या, "मी बोलू का फादर? पण मी तर मुसलमान."

"मैत्रिणीनंच बोलावं," फादर म्हणाले.

"ती लय बेसूर गात होती, हे सांगितलं तर चालन?"

डोळे पुसता पुसता बाबा एकदम हसले. "सांगा, आपा. अख्ख्या चर्चले माहीत आहे."

उद्याची भीती बरीच कमी झाली. तुमच्या माणसाबद्दल असं मोकळेपणानं बोलणारं कोण आहे?