पुस्तकात नसलेल्या दोन ओळी

पुलाच्या मध्यावर आल्यावर वहिनी म्हणाली, "वन्सं, पाय दुखत असतील तर तुम्ही बस पकडा. मी येते चालत."

नणंद शेजारून चालत राहिली. एरवी ‘वन्सं’ ऐकलं की तिला हसू यायचं. वहिनी चेष्टेनं तसं म्हणायची, मुद्दाम तुम्ही-आम्ही करायची. मनातलं काही बोलायचं असलं की मात्र सरळ तू.

प्रकाशकाच्या ऑफिसातून निघाल्यापासून एवढंच बोलणं झालं होतं. ऑफिस शहराच्या त्या टोकाला, घर या टोकाला. वहिनीच्या पिशवीत पुस्तक होतं, प्रकाशकानं भेट म्हणून दिलेलं.

"माझंच मला भेट," वहिनी म्हणाली.

ती कपड्यांच्या दुकानात आल्टरेशन करायची. पँट आखूड करणं, कंबर ढिली करणं, चेन बदलणं. तिच्या नवऱ्याला, म्हणजे नणंदेच्या दादाला, अर्धांगाचा झटका आला आणि तो अंथरुणाला खिळला. सकाळी त्याचं सगळं आवरून ती दुकानात जायची, दुपारी सासू बघायची, संध्याकाळी पुन्हा ती. दादाच्या तोंडात एकच शब्द उरला होता, "बरं." पाणी हवं तरी बरं, पाठ दुखली तरी बरं, राग आला तरी बरं. कुठलं बरं कशाचं, ते फक्त वहिनीला कळायचं. "लग्न झाल्यापासून माझ्या एका शब्दाला बरं म्हटलं नाही या माणसानं, आता बघा," असं ती म्हणायची, आणि दादाच्या ओठांचा हलता कोपरा वर जायचा.

दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती फोनवर लिहायची. फेसबुकवर आजारी माणसं सांभाळणाऱ्यांचं एक पान होतं, तिथं ‘उसवण’ या नावानं. वाचणारे सगळे तिच्यासारखेच, त्यामुळे काही झाकायची गरज नव्हती. घरात कुणाला पत्ता नव्हता.

मग सासूनं वाचनालयातून एक पुस्तक आणलं. आजारपणाचं आहे, याला ऐकून बरं वाटेल, म्हणाली. खुर्ची पलंगाजवळ ओढून, ओळीवर बोट ठेवून तिनं मोठ्यानं वाचायला घेतलं. त्या दिवशी वहिनीला सुट्टी होती. ती दादाला पेज भरवत होती. पुस्तकातली बाईही नवऱ्याला भरवत होती, आणि चमचा केव्हाच निवला तरी सवयीनं त्यावर फुंकर घालत होती. वहिनीची फुंकर ओठावरच राहिली. दादानं तिच्याकडे बघितलं. मग डोळे मिटून घेतले.

"बिचारी," सासू पान उलटत म्हणाली. "नाहीतर आमची सूनबाई बघ. एवढं करते, पण तोंडातून ब्र नाही."

त्या दिवसापासून दादाचं ‘बरं’ बंद झालं. पाणी हवं का विचारलं तर भिंतीकडे बघायचा. सासू रोज एक प्रकरण वाचत होती आणि पुढचं कुठलं येणार ते वहिनीला तोंडपाठ होतं. घाबरून तिनं फेसबुकच्या त्या पानावरचं आपलं सगळं लिखाण पुसून टाकलं. आज सकाळी नणंदेला फोन केला, एका ठिकाणी सोबत ये, एवढंच म्हणाली.

ऑफिस म्हणजे वह्या-पेनांच्या दुकानावरची खोली, खळीचा वास येणारी. प्रकाशक चष्मा कपाळावर चढवून बसला होता. चांगला बोलला, चहा मागवला.

"फेसबुकवरून माझं लिहिलेलं उचललंत, मला विचारलं का नाही?" वहिनीनं विचारलं.

"कुणाला विचारणार, ताई? खरं नाव कुठं होतं? म्हणून तर वर संकलन असं छापलंय."

वहिनीनं पुस्तक उघडून एक पान नणंदेपुढे धरलं. नणंदेनं उभ्याउभ्याच वाचलं. ‘देवा, आता याला ने. त्याची सुटका व्हावी म्हणून मागते असं लोकांना सांगेन, पण तुझ्याशी खोटं कसं बोलू? मी माझ्यासाठी मागते आहे.’ तिथं प्रकरण संपत होतं. खाली अर्धं पान कोरं.

"हेच सगळ्यांना फार आवडतं," प्रकाशक म्हणाला.

"दुसऱ्या दिवशी सकाळी हे मागणं मी परत घेतलं होतं. याच्या खाली दोन ओळी लिहिल्या होत्या."

"कमेंटमध्ये असतील. कमेंट आम्ही घेत नाही." मग चष्मा डोळ्यांवर घेत म्हणाला, "आणि हे बघा, इथं संपतं तेच छान आहे."

आता गोदामांचा रस्ता लागला. एका दारात माणसं खोकी उतरवत होती, त्यांना वळसा घालून दोघी पुढे गेल्या. नणंद रोज सकाळी देवापुढे दादाचं नाव घ्यायची, त्याला बरं कर म्हणायची, आणि रविवारी तासभर त्याच्याजवळ बसून यायची. त्याच घरातून देवाकडे उलटं मागणं जात होतं, हे तिला पचत नव्हतं. ते आपल्या भावाबद्दल होतं म्हणून रडू येत होतं, की वहिनी एकटीच ते बोलत बसली होती म्हणून, तेही तिला कळेना.

"घरातलं पुस्तक परत देऊन टाकू," ती शेवटी म्हणाली. "आईला सांगू, वाचनालयानं मागितलं."

"त्याला कळलंय माझं आहे ते. मध्येच बंद केलं तर जे मी लिहिलं नाही तेही तो मनात वाचत बसेल."

"मग तूच सांग ना त्याला, दुसऱ्या दिवशी परत घेतलं म्हणून."

"पुरावा काय? होतं तेवढं मीच पुसलं. आता मी काहीही सांगितलं तरी समजूत घातल्यासारखं वाटेल त्याला."

नणंदेनं चालता चालता तिच्याकडे वळून बघितलं.

"वहिनी, खरंच परत घेतलं होतंस?"

"त्या सकाळी घेतलं होतं." वहिनी समोर बघत म्हणाली. "नंतर पुन्हा मागितलंही असेल. लिहिलं नाही इतकंच. देवानं सगळंच ऐकलं असणार. त्याच्यापुढे मी कशीही उभी राहीन. पण तुझ्या दादाच्या कानावर छापलंय तेवढंच जाणार."

गल्लीच्या तोंडाशी ती थांबली. वरच्या खिडकीत दिवा लागलेला होता. पिशवीतून पुस्तक काढून तिनं नणंदेच्या हातात दिलं.

"उद्या दुपारी ये. आईंना म्हण, डोळ्यांना जरा विसावा द्या, आज मी वाचते. उद्या हेच प्रकरण यायचं आहे. एक शब्द गाळू नकोस. आणि संपलं की थांबू नकोस, आवाज बदलू नकोस, छापलेलंच असल्यासारखं पुढं वाच: ‘देवा, काल रात्रीचं धरू नकोस. तो आत्ता जागा झाला, माझ्याकडे बघून बरं म्हणाला.’ एवढंच. मी दुकानात असेन. त्याचं तोंड कसं झालं ते मात्र मला सांगू नकोस."