मुलगी एवढी, मुलगा एवढा

मीटरवाल्यांना शहरातली निम्मी घरं आतून माहीत होती, पण फक्त दारापासून मीटरपर्यंत. विजेचे आकडे टिपायचे आणि आल्या पावली परतायचं, अशी नोकरी. लोक पाणी विचारत, बसा म्हणत नसत. पुढे पुढे स्वतःच्या घरीही ते तसेच वागू लागले. भाड्याच्या दोन खोल्यांपैकी आतली त्यांनी मुलांची म्हणून ठेवली होती. रोज सकाळी ते त्या खोलीत खिडकीपर्यंत जात, खिडकी उघडत आणि बाहेर येत. मुलं तिथे अजून एकदाही आलेली नव्हती.

मुलं आईकडे होती, दूरच्या गावी. नवराबायको वेगळी झाली, पाठोपाठ बदली आली, त्याला चार वर्षं होऊन गेली. भांडण आता उरलं नव्हतं. भांडायलाही दोन माणसं एका जागी लागतात. रविवारी फोन होई.

"जेवलीस?"

"हो."

"अभ्यास?"

"चाललाय."

व्हिडिओ लावला तर मुलगी फोन टेबलावर उताणा ठेवून देई, आणि मीटरवाले उरलेला वेळ मुलांच्या घरच्या पंख्याशी बोलत.

अशाच एका रविवारी मुलांची आई स्वतः फोनवर आली. "सुट्टीत पाठवीन दोघांना. पण तिला आता स्वतःची जागा लागते. धाकट्याबरोबर एका खोलीत राहणार नाही म्हणते. आधी खोली बघू दे तिला, मग ठरवेल."

म्हणजे सगळं त्या खोलीवर येऊन ठेपलं. खोली तर अशी की दोन खाटा टाकल्या तर माणसाने भिंतीला पाठ घासत चालावं. मीटरवाल्यांनी सुताराला बोलावलं आणि फोनमधला फोटो दाखवला: उंच खाट, चढायला शिडी, खाली अभ्यासाचं टेबल. अशा दोन, आणि मधोमध फळ्यांचा आडोसा.

"आडोसा कसला पाहिजे साहेब?" सुताराने विचारलं. "नुसती नजर अडवायची, का आवाजपण?"

"नजर अडली पाहिजे. आवाज पलीकडे गेला पाहिजे."

"म्हणजे आमच्या घरी आहे तसा. फक्त आमच्याकडे उलटा आहे. बायको दिसते, पण माझं तिला ऐकू जात नाही." स्वतःच्याच विनोदावर तो बराच वेळ हसला. मग टेप काढली. "पोरं केवढी आहेत?"

मीटरवाल्यांनी हात छातीखाली आडवा धरला. "मुलगी एवढी." मग हात कमरेशी आणला. "मुलगा एवढा."

सुताराने टेपचं टोक पायाने दाबलं, पट्टी त्यांच्या तळहातापर्यंत वर ओढली, आणि दोन्ही मापं पेन्सिलीने फळीवर लिहिली. जो माणूस दिवसभर लोकांच्या विजेचं एक एक युनिट मोजायचा, त्याने पोटच्या पोरांचं माप हवेत हात धरून दिलं, आणि ते दोघांनाही वावगं वाटलं नाही. हात जिथे थांबला तिथे शेवटच्या दिवशी मुलीचं डोकं होतं, हे खरंच होतं. त्यानंतर आला तो फोनवरचा आवाज, आणि आवाजाला उंची नसते.

काम देखणं झालं. "हत्ती झोपला तरी हलणार नाही," सुतार म्हणाला. मुलीच्या बाजूला निळा रंग दिला, पुस्तकांना फळी केली, डोक्याशी छोटा दिवा लावला. मीटरवाल्यांनी तो चारदा लावून विझवून पाहिला.

पाहुणे सकाळी आले. बेल वाजली, मीटरवाल्यांनी दार उघडलं. दारात पाठीवर उजेड घेऊन मुलांची आई उभी होती. पूर्वीसारखीच, केस तेवढे मोकळे.

"मुलं कुठायत?" त्यांनी विचारलं.

"मीच आहे," मुलगी म्हणाली.

मागून जिना चढून आई आली, तिच्या हाताला धरून धाकटा. त्यानंतर काही क्षण सगळ्यांनी चपला काढण्यात फार लक्ष घातलं.

धाकटा सरळ शिडीवर. "बाबा, हे माझं? तू हे माझ्यासाठी केलंस?" मुलगीही आपल्या बाजूने चढली. मग छताला डोकं आपटल्याचा आवाज आला.

"लागलं का गं?"

"नाही. छान आहे."

ती आडवी झाली. पावलं खाटेच्या कडेबाहेर आली. तिने ती हळूच आत ओढून घेतली आणि गुडघे दुमडले. खाली उतरून खुर्चीत बसायला गेली तर खाटेची कड नेमकी कपाळाशी. "छान आहे," ती पुन्हा म्हणाली. "तुम्ही उगाच एवढा त्रास घेतलात."

पूर्वी ती त्यांना "तू" म्हणायची. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला म्हणतात तसं हे "तुम्ही" होतं.

चहा झाला. जाताना जिन्यात ती आईला विचारत होती. जिन्यातले आवाज वर येतात, हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं. "आई, त्यांनी ते कुणासाठी केलंय?"

सुट्टी लागली तेव्हा धाकटा एकटा आला. ताईला क्लास होता म्हणे. पहिल्याच दुपारी तो आपल्या खाटेवर झोपायला चढला, आणि थोड्याच वेळात आतून हाक मारू लागला.

"बाबा, ताईच्या बाजूला कुणीच नाहीये."

"असू दे. झोप."

"तू जा ना तिकडे."

मीटरवाले निळ्या शिडीने वर चढले. बसायची सोय नव्हतीच. पाय पोटाशी घेऊन ते कुशीवर पडले, नाकासमोर छत.

"आहेस का?"

"आहे."

"नुसतं आहे काय म्हणतोस? काहीतरी सांग."

सांगण्यासारखं त्यांच्याकडे मीटरशिवाय होतं काय? "एका घराला कायम कुलूप असतं," ते म्हणाले. "पण त्याचं मीटर जरा जरा फिरतं."

"मग आत कुणीतरी असेल."

"काय माहीत. आपलं काम बाहेरूनच असतं."

"बेल वाजवायची ना मग!" धाकटा इतक्या वैतागाने म्हणाला की जणू बापाला अगदी पहिलीतलं गणित येत नाही. मग कूस बदलल्याचा आवाज आला.

मीटरवाल्यांनी खिशातून फोन काढला. रविवार नव्हता. बराच वेळ रिंग गेली.

"काय झालं? तो बरा आहे ना?" मुलीचा आवाज.

"बरा आहे. झोपतोय." पुढचं वाक्य त्यांनी जुळवून ठेवलं होतं, ते ऐन वेळी विस्कटलं. "तुझी उंची किती आहे गं? मला माहीत नाही."

पलीकडून पंख्याची घरघर तेवढी आली. फोन पुन्हा पंख्याखाली उताणा पडला की काय, असं त्यांना वाटलं.

"मलापण नक्की नाही माहीत," ती म्हणाली. "थांबा. मोजायला काहीतरी शोधते."

फोन कुठेतरी टेकवल्याचा आवाज आला. कधीही न पाहिलेल्या घरातला एक खण उघडला, लागला, दुसरा उघडला. मीटरवाले फोन कानाशी धरून, गुडघे दुमडून, तसेच थांबून राहिले.