रखवालदाराची झोप

आमचे हे दागिन्यांच्या दुकानाचे रखवालदार. दारातल्या स्टुलावर सगळी नोकरी काढली, पण डुलकी म्हणून कधी घेतली नाही. पोटभर जेवलं की सुस्ती येते म्हणून अर्धा डबा तसाच परत आणायचे. मी चिडायचे, तर म्हणायचे, "पगार जागं राहण्याचा मिळतो मला."

एका सुट्टीच्या दिवशी त्या दुकानात पिक्चरचं शूटिंग झालं. हिऱ्यांच्या हाराची चोरी, असा विषय. झोपलेल्या रखवालदाराचं काम करणारा नट आलाच नाही, म्हणून डायरेक्टरने यांच्याकडे बोट दाखवलं.

"मला नाही जमणार," हे म्हणाले.

"अहो, खोटं खोटं तर झोपायचंय. त्यात काय डोंगर उचलायचाय?" शेठ म्हणाले.

शेठचा शब्द कसा मोडायचा? बसले तोंड उघडं टाकून.

मेला तो पिक्चर काही धड नव्हता. मध्यंतरापर्यंत नायक-नायिका नुसते गात हिंडतात आणि शेवटी कोण कुणाला का मारतंय, ते त्यांचं त्यांना ठाऊक. मधली चोरी मात्र झकास. सगळं थिएटर श्वास रोखून बसलेलं, चोर यांच्या कमरेची किल्ली हळूच काढतो आणि हे घोरतात! लोक हसून हसून लोळले. घोरणंसुद्धा दुसऱ्याच कुणाचं चिकटवलेलं. हे घोरत नाहीत, माझ्याहून जास्त कुणाला माहीत असणार?

पिक्चर पडला, तेवढा प्रसंग लोकांच्या डोक्यात राहिला. गिऱ्हाइकं दारात थांबून विचारायची, "काका, जागे आहात ना?" आधी शेठही हसायचे. मग एक बाई गळ्यातलं दुरुस्तीला टाकायला आल्या आणि यांना ओळखून, पर्स बंद करून चालत्या झाल्या. शेठनी यांना आत बोलावलं. "तुमची चूक नाही हो, पण लोकांचा विश्वास उडाला की धंदा बसतो." वा रे शहाण्या! झोपा म्हणून सांगणारा कोण होता? हे मात्र युनिफॉर्म घडी करून देऊन आले. दुसरीकडे काम मागायला गेले, तर तिथेही आधी हसू आणि मग नकार.

तेव्हापासून चारचौघांत यांनी डोळा मिटला नाही. प्रवासात नाही, लेकीच्या घरी नाही. तापाने फणफणले तरी खुर्चीतच.

म्हातारपणी हॉस्पिटलात ठेवलं. पिक्चर जुना झाला, म्हणून आता त्याचं कौतुक. तो तुकडा पोरांच्या मोबाइलवर फिरतो. नर्स औषध देताना म्हणाली, "आजोबा, ते तुम्हीच ना? कसले भारी झोपलात!" चांगल्या मनानेच बोलली बिचारी. हे उठून बसले, पाठीला उशी लावून.

"अहो, आडवे व्हा. दम लागतोय तुम्हाला," मी म्हटलं.

"कुणी आलं तर?"

कोण येणार होतं? पण ऐकतील तर शपथ. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले, ते बसलेलेच. आडवं करायला मला त्याच नर्सची मदत घ्यावी लागली.