झोळीतला परीक्षक

गुमेर्सिंदोची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मला वाटलं, ज्वालामुखी जागा झाला. लग्न करून मी नुकताच या गल्लीत सासरी राहायला आलो होतो. सासूबाईंनी हातावर ठेवलेली गरम पुपुसा, म्हणजे मक्याची सारण भरलेली जाड भाकरी, तोंडाशी नेतोय, तोच रस्त्यापलीकडून अशी गर्जना झाली की कोंबड्या अंडी अर्धवट टाकून उठल्या, तळ्याचं पाणी वीतभर मागे सरलं आणि एक कुत्रं कायमचं शाकाहारी झालं.

"टाक ती! कड जाड आहे!"

समोरच्या पडवीत दोरीची झोळी टांगलेली होती. झोळीत एक पोट होतं आणि पोटामागे गुमेर्सिंदो.

या माणसाने जन्मात मक्याच्या पिठाला बोट लावलं नाही. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून धुवायचा, गिरणीतून दळून आणायचा, पिठाच्या गोळ्यात राजमा नाहीतर चीज भरून तो तळहातांवर थापायचा, हे सगळं त्याची बायको तिमोतेआ करी. हा फक्त मत देई. मत द्यायला उठावंही लागत नसे. स्वयंपाकघर भिंतीपलीकडे, हा अलीकडे. थापण्याच्या आवाजावरून आत काय भरलंय ते ओळखतो, असा त्याचा दावा होता.

"पट्‌ पट्‌ वाजलं की चीज, धप्‌ धप्‌ वाजलं की राजमा," तो डोळे मिटून सांगे. "कान लागतो त्याला. तुम्हा गाढवांना आहेत, पण लांबीलाच."

गल्ली हे ऐकून घेई, कारण तिमोतेआच्या हातची पुपुसा आयती मिळे.

तिमोतेआच्या मनात मात्र एकच गोष्ट होती. रविवारी तळ्यावर पोहायला जाणारी माणसं दारावरून जात. पडवीत तवा मांडून विकायचं. पण पडवीत झोळी होती.

"तू विकणार?" गुमेर्सिंदो खेकसला. "तुझा हात अजून कच्चा आहे. माझं नाव जाईल."

"तीस वर्षं थापतेय मी, अहो."

"आणि तीस वर्षं मी सहन करतोय."

शेजारची चोनमावशी नेहमीप्रमाणे फुकटच्या पुपुसाची वाट बघत बसली होती. ती म्हणाली, "एवढे कान तिखट आहेत तर होऊन जाऊ दे परीक्षा. चुकलास तर झोळी काढ."

"काढीन! तवा माझ्या छातीवर मांडा!"

तिमोतेआ आत गेली. मी आणि चोनमावशी साक्षीदार म्हणून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलो. आत आवाज सुरू झाला. पट्‌ पट्‌ पट्‌.

"चीज!" झोळीतून निकाल आला. "लोरोकोच्या कळ्या घातल्यात, पण कंजुषी केलीय."

चोनमावशीने पदरासारखा एप्रन तोंडात कोंबला. धप्‌ धप्‌.

"राजमा. पाणी जास्त झालंय. फुटणार ती."

मी भिंत धरली. पट्‌ धप्‌ पट्‌.

"डुकराचं वाटलेलं मांस! मीठ विसरलीस, बये. नेहमीचंच!"

तेव्हा तिमोतेआ पडवीत आली आणि दोन्ही तळहात तिने त्याच्या नाकासमोर धरले. कोरडे, स्वच्छ. पिठाचा कणही नव्हता. चूलसुद्धा पेटवलेली नव्हती. बाई मघापासून नुसत्या टाळ्या वाजवत होती.

"मीठ विसरले खरं," ती म्हणाली. "पीठही विसरले."

चोनमावशी जमिनीवर बसूनच हसली. गुमेर्सिंदोने त्या हातांचा वास घेऊन पाहिला. मला वाटलं, आता तरी ओशाळेल. छे! दगडाला पाझर फुटेल, याला नाही.

"म्हणूनच म्हटलं," तो म्हणाला, "काहीतरी कमी आहे."

तिमोतेआने झोळीची गाठ सोडली. तो आत होता, पण ती थांबली नाही.

पडवीत आता तवा आहे आणि तीन टेबलं. रविवारी बसायला जागा मिळत नाही. गुमेर्सिंदो मागच्या अंगणात पुपुसाबरोबरच्या लोणच्यासाठी कोबी चिरतो. जाड चिरतो.